चवथीनंतर बँकॉक: दोघांची निवांत सहल, हवा आणि शिवराक जेवण

म्हार्दोळकर:
नमस्कार मंडळी. चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की सप्टेंबरअखेर आम्ही दोघं पाच रात्री बँकॉकला जायचं म्हणतोय. टूरवाल्यांचे कार्यक्रम पाहिले. रोज तीन देवळं, दोन बाजार, वर एक दिवस पट्टाया. तसं नको. सकाळी थोडं हिंडावं, दुपारी ताणून द्यावी, संध्याकाळी नदीकाठी बसावं, एवढंच. दोघंही पन्नाशीपुढचे, हिचे गुडघे कुरकुरतात. ही पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी, अंडंही नाही. माझं नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, चालत नाही. तेव्हा हवा कशी असेल, कुठल्या भागात उतरावं आणि हिच्या जेवणाचं काय, एवढं सांगा.

पेडणे_कोर्ट:
आधी तारखेचं बघा. आपल्याकडे पावसाचा जोर जून-जुलैत असतो आणि चवथीनंतर तो ओसरतो, म्हणून सगळे हाच हिशेब तिथे लावतात. बँकॉकचा पावसाळा मे ते ऑक्टोबर, आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात. दिवसभराची झड क्वचित. बहुतेकदा दुपारनंतर आभाळ भरतं, तास-दोन तास कोसळतो, सखल गल्ल्यांत घोटाभर पाणी साचतं आणि टॅक्सी जागच्या जागी अडकतात. तारीख हलत असेल तर मध्य नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी. मार्च ते मे अजिबात नको. एप्रिलात पारा ३५ च्या आसपास आणि रात्रीही सुटका नाही. तारीख हलत नसेल तरी बिघडत नाही, हॉटेलं स्वस्त मिळतात. फक्त दिवस पावसाच्या वेळेप्रमाणे आखा: सात ते साडेदहा बाहेर, अकरा ते चार छपराखाली, मग पाऊस बघून नदीवर.

उकाड्याची आपल्याला सवय आहे हे अर्धंच खरं. गोव्यात संध्याकाळी खारा वारा सुटतो. तिथे सिमेंट रात्रीपर्यंत धग सोडत राहतं. त्याहून जास्त त्रास एसीचा. बाहेर ३३ अंश, आणि मॉलमध्ये किंवा बीटीएसच्या (खांबांवरून धावणाऱ्या शहरी रेल्वेच्या) डब्यात हुडहुडी. घामेजलेल्या अंगाने सारखं आत-बाहेर केलं की घसा धरलाच म्हणून समजा. पातळ शाल पिशवीत असू द्या, आणि ओआरएसच्या पुड्या इथूनच न्या.

उतरायचं साफान ताक्सिन स्टेशनाच्या आसपास. बीटीएसचं हे स्टेशन सातोर्न धक्क्याला लागूनच आहे, त्यामुळे गाडी आणि बोट दोन्ही हाताशी. काठावरच्या बऱ्याच हॉटेलांची स्वतःची बोट ह्या धक्क्यावरून फुकट ये-जा करते. बुकिंगआधी ती किती वाजेपर्यंत चालते ते विचारा. सुखुमवित भागात खाणं-पिणं भरपूर, पण तुम्हाला हवी ती नदी लांब पडते.

बोट नारिंगी झेंड्याची घ्या. एकच ठरलेलं भाडं, साधारण १६ बात (थाय चलन). धक्क्यावर पर्यटकांच्या महागड्या बोटीची तिकिटं गळ्यात मारतात, तिकडे लक्ष नको. अडचण एकच: बोट काही सेकंदच टेकते, तरंगता धक्का हलत असतो आणि उडी मारल्यासारखं चढावं लागतं. गुडघ्यांसाठी एमआरटीचं (भुयारी मेट्रोचं) सनाम चाय स्टेशन बरं, तिथून 'वाट फो' हे देऊळ पाच-सात मिनिटांवर ('वाट' म्हणजे देऊळ). मात्र बीटीएसचं तिकीट एमआरटीत चालत नाही.

वाट फो सकाळी आठला उघडतं, तेव्हाच जा. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. नऊनंतर त्याच्या पायांपाशी फोटोवाल्यांची रांग लागते. नदीपलीकडच्या वाट अरुणच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, ते ता तियेन धक्क्यावरून समोरूनच बघा, संध्याकाळी तिथूनच जास्त चांगलं दिसतं. ग्रँड पॅलेस मी तुमच्या यादीतून काढला असता. ५०० बात तिकीट, उघडी फरसबंदी आवारं, सावली नाही आणि गर्दी. गेलातच तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर कोणी नीटनेटका गृहस्थ 'आज बंद आहे, टुकटुकने दुसरं देऊळ दाखवतो' म्हणाला तर सरळ दारापर्यंत चालत जा. ती टुकटुक शेवटी खड्यांच्या दुकानात थांबते.

कुंडईची_वहिनी:
वहिनींच्या जेवणाचं सांगते. 'व्हेज' म्हटलं की तिथे भाजी येते, पण नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, किंवा ऑयस्टर सॉस घालूनच. हिरव्या-लाल करीच्या वाटणात बहुधा कपी असते, आपल्या गालम्याच्या जातीची कोलंबीची पेस्ट. वाटण आधीच तयार असतं, त्यामुळे 'काढून टाका' सांगून उपयोग नाही. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, तिचंही तेच, त्यात सुकी सुंगटं खलात कुटूनच येतात.

म्हणून शब्द वापरायचा 'जे'. 'किन जे' म्हटलं की मांस, मासे, अंडं, दूध, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. 'मांगसाविरत', म्हणजे नुसतं शाकाहारी, म्हटलं तर अंडं येऊ शकतं. 'जे'च्या दुकानावर पिवळं निशाण आणि त्यावर लाल अक्षर असतं, आपल्याला ते इंग्रजी १७ आकड्यासारखं दिसतं. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात नऊ दिवसांचा चिनी शिवराक उत्सव येतो (तिथी दरवर्षी हलते), तेव्हा यावारात ह्या चिनी वस्तीभर हीच निशाणं लागलेली असतात. तुमच्या तारखा त्यात बसल्या तर वहिनींची चंगळ. पोळी-भाजीची आठवण झालीच तर फाहुरात ही भारतीय वस्ती गाठा.

बेतोडा२४:
कागदपत्रं: थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. ते मोफत असतं आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी. व्हिसाचा नियम तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर पाहा, जुन्या पोस्टवर विसंबू नका.

गोवा-मुंबई आणि मुंबई-बँकॉक वेगवेगळी तिकिटं काढलीत तर बॅग थेट जात नाही. मुंबईत घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते. मध्ये चार तास तरी ठेवा. सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात तर खालच्या मजल्यावरच्या यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी घ्या. मीटर, वर ५० बात विमानतळाचे, आणि टोल. चिठ्ठीवर गाडीचा नंबर असतो, ती जपून ठेवा. एटीएम दर वेळी २२० बात किंवा जास्त कापतं, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा आणि 'रुपयांत रूपांतर' विचारलं तर नाही म्हणा.

कोणासाठी फेणी नेणार असाल तर माणशी एक लिटर. जास्त नेलीत तर जप्त.

म्हार्दोळकर:
देव बरें करूं. तारखा पुढे ढकलतो बहुतेक. गुडघ्यांवर मसाज चालेल का?

पेडणे_कोर्ट:
पारंपरिक थाय मसाज तेलाविना, सैल कपडे घालून, जमिनीवरच्या गादीवर असतो. त्यात पाय दुमडून ताणतात, आणि गुडघेदुखीला बाधतं ते नेमकं हेच. वहिनींनी एक तासाचा फूट मसाज घ्यावा. खुर्चीत बसूनच असतो, आधी पाय धुतात. तोही गुडघ्याच्या वर नको असं आधीच सांगा. सूज असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जोर जास्त वाटला तर 'बाओ बाओ' म्हणायचं, दुखलं तर 'जेप'. पोटभर जेवून लगेच जाऊ नका. वाट फोच्या आवारात १९५५ पासूनची मसाजशाळा आहे, तिथली माणसं शिकलेली असतात, पण दहानंतर ताटकळावं लागतं. बुद्ध बघून झाला की नऊच्या सुमारास आधी तिकडेच नंबर लावा.