प्रतिसाद: नागपूरची मुलगी आणि सागरी शर्यती

नागपूरच्या पुतणीला शिडाच्या बोटींच्या शर्यतीत करिअर करता येईल का, असा मूळ प्रश्न आहे. त्यावर ‘नागपुरात राहून शिडाच्या बोटींच्या शर्यतीत करिअर? समुद्र पाहायलाच रात्रभर गाडीत बसावं लागतं,’ असं वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटलं नाही. शिडाच्या बोटींच्या शर्यतीत नाव कमावलेली एलन मॅकार्थर इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये वाढली, तिथेही समुद्र नाही. शाळेतल्या जेवणाचे पैसे साठवून तिने पहिली छोटी होडी घेतली. चोविसाव्या वर्षी ती ‘व्हांदे ग्लोब’ या सागरी शर्यतीत दुसरी आली: एकटीने, कुठेही न थांबता, ९४ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा! झोप तुकड्यातुकड्यांत, आणि डोलकाठीच्या टोकाला काही बिघडलं की हेलकावणाऱ्या बोटीवर एकटीनेच वर चढायचं. आपल्या नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या महिला पथकाची कप्तान वर्तिका जोशीही ऋषिकेशची (ती प्रदक्षिणा मोहीम होती, शर्यत नव्हे).

खरा अडसर पैशांचा. प्रायोजक नसेल तर बोटच नाही. फ्रान्सच्या क्लारिस क्रेमेरने २०२०-२१ची व्हांदे ग्लोब पूर्ण केली, पण बाळंतपणामुळे पुढच्या शर्यतीसाठी पात्रतेचे गुण मागे पडले आणि प्रायोजकाने साथ सोडली. हा सरळसरळ अन्याय होता. नवा प्रायोजक मिळवून ती २०२४ला पुन्हा उतरलीच.

पुतणीला खरंच आवड असेल तर एनसीसीच्या नौदल शाखेत चौकशी करा. होडीचा सराव नागपुरातच अंबाझरी तलावावर होतो.