पुण्याहून एका दिवसात भाजे लेणी : ज्येष्ठांसह जाणे जमेल का?

प्रश्न :
येत्या रविवारी सत्तरीतील आईला आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन लोकलने मळवलीला जाण्याचा विचार आहे. कार्ले आणि भाजे ही दोन्ही लेणी एकाच दिवशी पाहावीत की एकच निवडावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
माझ्या मते भाजेच निवडावे, कारण कार्ल्याची चढण अधिक आहे आणि रविवारी एकवीरा देवीच्या दर्शनासाठी तेथे मोठी गर्दी असते. भाज्यालाही पायऱ्या आहेतच. मात्र थांबत थांबत चढल्यास त्या आईंना झेपाव्यात. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात खोदलेल्या येथील चैत्यगृहाचे (बौद्ध प्रार्थनागृहाचे) छत अवश्य नीट पाहावे : दगड कोरूनही कारागिरांनी त्याला लाकडी वास्तूचे रूप दिले आणि खऱ्या लाकडी फासळ्याही बसवल्या. जवळच १४ स्तूपांचा समूह आहे. मुलीला ते मोजायला सांगा. शेवटच्या विहारातील (भिक्षूंच्या निवासासाठीच्या लेण्यातील) सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे अनेकजण न पाहताच परततात, याचे फार वाईट वाटते.

उत्तर २ :
वरील मताशी सहमत आहे. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि धबधब्यापाशी गर्दी उसळते, म्हणून सकाळी लवकरची लोकल पकडावी. दुपारी लोकलच्या फेऱ्यांमध्ये मोठा खंड असतो; परतीचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. स्थानकापासून पायथ्यापर्यंत आईसाठी रिक्षा करू आणि भाजेच पाहू.