चिनी गोडधोड : पहिला घास कसा लागला?

२०२५ ला कोजागरी आणि चिन्यांचा चंद्राचा सण एकाच दिवशी आले, ६ ऑक्टोबरला. इथे सिंगापुरात मी दूध आटवत होते आणि शेजारच्या आंटी मूनकेकचा डबा घेऊन दारात. कापला, तर कमळबियांच्या गोड सारणात मधोमध खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक! सासूबाई गप्पच झाल्या. तुमचेही अनुभव लिहा.

*

दोन वर्षं ग्वांगझूला होतो. एका रविवारी ऑफिसातल्या मंडळींनी शुंदला नेऊन आल्याचं दूध खिलवलं. वाटीत आल्याचा ताजा रस, त्यावर साखर घातलेलं म्हशीचं गरम दूध एका दमात ओतायचं आणि मग वाटीला बोटही लावायचं नाही. पाच-दहा मिनिटांत थिजतं. चिकाशिवाय खरवस! घशाशी आलं झणझणतं ते वेगळं.
घरी तीनदा फसलं. दूध उकळतं ओतलं की आल्यातलं एन्झाइम मरतं आणि हाती उरतं आलं घातलेलं पातळ दूध. सत्तर अंशांच्या आसपास जमतं. रस आयत्या वेळी काढा आणि तळाशी बसलेला पांढरा साका ढवळून घ्या.

*

बीजिंगची थंडी, काडीला टोचलेली आंबट लाल शानझा फळं, वर काचेसारखा कडक पाक. थांगहुलू. माझी दाढ त्यातच गेली, तरी दुसरी काडी घेतली. मुंबईत करून पाहिलं, पण पावसाळी हवेत पाक तासाभरात चिकट.

*

मी शाकाहारी. थांगयुआन म्हणजे चिकट तांदळाच्या पिठीचे उकळून काढलेले गोळे, आत काळ्या तिळाचं सारण. उकडीच्या मोदकाचे चुलतभाऊ म्हणून चार खाल्ले. मग कळलं, सारण इतकं मऊसूत वाहतं ते डुकराच्या चरबीमुळे. निंगबोची तीच रीत. आता पाकिटावर आधी 'जूयौ', म्हणजे डुकराची चरबी, शोधते.

*

लाल चवळीसारख्या बियांचं सारण म्हणजे वेलदोडा विसरलेलं पुरण. आणि त्यांच्याकडे मिठाईचं सगळ्यात मोठं कौतुक काय, तर "फार गोड नाहीये"! माझ्या गुलाबजामांना ते कधीच मिळालं नाही.

*

बलकाचं पुढे काय झालं?

*

सासूबाईंनी कडेकडेनं सगळं संपवलं आणि बलक ह्यांच्या ताटलीत सरकवला. "चंद्र तू खा," म्हणाल्या.