मदत हवी आहे: झेडएफपी५७ भरपूर असूनही इम्प्रिंटचे मेथिलेशन का टिकत नाही?

पेशीवेडा: फलनानंतर बहुतेक जीनोमचे मेथिलेशन (डीएनएवरील मिथाइल गटाची खूण) पुसले जात असतानाही इम्प्रिंटिंगच्या (आई-बापापैकी एकाच्याच प्रतीवर खूण ठेवून जनुकाची एकच प्रत चालू ठेवण्याच्या) नियंत्रक भागांवरचे मेथिलेशन झेडएफपी५७ हे प्रथिन टिकवून धरते, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. माझ्या मूलपेशींमध्ये वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) हे प्रथिन ठळक दिसते, परंतु बायसल्फाइट सिक्वेन्सिंगमध्ये (मेथिलेशन मोजण्याच्या पद्धतीत) अपेक्षित निम्म्याऐवजी जवळजवळ शून्य मेथिलेशन येते. कृपया लवकर कळवावे, पुढचे सगळे काम यावाचून अडले आहे.

मिथिल: पेशी उंदराच्या की माणसाच्या? नर की मादी? माध्यम कोणते आणि नियंत्रक भाग कोणता? माणसात झेडएनएफ४४५ या प्रथिनाचा वाटा अधिक मोठा असल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी हवे.

सूत्रधार: सीटीसीएफ हे डीएनएला चिकटणारे प्रथिन तपासा. मातेकडून आलेल्या अमेथिलित एच१९ नियंत्रक भागावर ते बसते आणि आयजीएफ२ या जनुकाला वर्धकापासून (जनुकाला चालना देणाऱ्या डीएनए भागापासून) तोडते. पित्याच्या प्रतीवर मेथिलेशन असल्यामुळे ते बसू शकत नाही.

मिथिल: ते जनुक चालू-बंद कसे होते याचे उत्तर झाले. इथे प्रश्न मेथिलेशन टिकण्याचा आहे.

पेशीवेडा: उंदीरच, ते वेगळे सांगायला हवे होते का? मादी, २आय माध्यम (दोन रोधक रसायने असलेले), पॅसेज (पेशी नव्या थाळीत हलवून वाढवण्याच्या फेऱ्या) बरेच झाले आहेत. भाग पेग३ या जनुकाचा.

जुनाजाणता: माझ्या मते दोष पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पायरीचा) आहे, बायसल्फाइटनंतर अमेथिलित प्रतीच अधिक वाढतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. दोन जातींच्या संकरातील पेशी घ्या, म्हणजे आई-बापाच्या प्रती एसएनपीवरून (डीएनएतील एका अक्षराच्या फरकावरून) वेगळ्या ओळखता येतील.

मिथिल: तो पक्षपात खरा आहे, पण मादी पेशी आणि २आय हे कळल्यावर पीसीआरला दोष देण्याची घाई नको. झेडएफपी५७ स्वतः मेथिलेशन करत नाही. ते आधीच मेथिलित असलेल्या टीजीसीसीजीसी क्रमाला चिकटते आणि केएपी१ या प्रथिनामार्फत सेटडीबी१ व डीएनएमटी१ या एन्झाइमांना तिथे आणते. प्रत्येक विभाजनानंतर नव्या धाग्यावर खूण उमटवण्याचे काम यूएचआरएफ१ या प्रथिनाच्या साहाय्याने डीएनएमटी१ करते. २आयमधील एमईके रोधकामुळे (एमईके हे पेशीतील संकेत पोहोचवणारे एन्झाइम) यूएचआरएफ१ घटते, आणि दोन्ही एक्स गुणसूत्रे सक्रिय असलेल्या मादी पेशींमध्ये मेथिलेशन मुळातच कमी असते. खूण एकदा पूर्ण गेली की झेडएफपी५७ला चिकटायला जागाच उरत नाही, मग ते कितीही असो.

पेशीवेडा: म्हणजे सीरममध्ये (रोधक नसलेल्या सीरमयुक्त माध्यमात) परत नेले की झाले?

मिथिल: नाही. उर्वरित जीनोमचे मेथिलेशन परत येईल, इम्प्रिंटचे येणार नाही. ते बीजपेशींच्या घडणीतच नव्याने लिहिले जाते. सुरुवातीच्या पॅसेजची गोठवलेली कुपी काढा, आधी तिचे मेथिलेशन पाहा, आणि एमईके रोधकाचे प्रमाण कमी ठेवून किंवा त्याऐवजी एसआरसी (दुसरे एक संकेत-एन्झाइम) रोधक वापरून पुढे जा.

जुनाजाणता: कुपी तपासतानाही संकरित पेशींची तुलना ठेवाच, असे माझे अजूनही मत आहे.

पेशीवेडा: जुनी कुपी आहे, पण तीही २आयमध्येच वाढवलेली. तिच्याबरोबर एक नर क्लोनही लावतो.