मदत हवी आहे: गाण्यांतून कोरियन शिकले, पण सगळं 'तू'चंच. 'तुम्ही' कुठून शिकू?

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं बीटीएस हा कोरियन बँड ऐकतेय. भाषांतरं वाचून समाधान होईना, म्हणून हांगुल शिकायला बसले. राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली लिपी, आज तिची मूलभूत अक्षरं फक्त २४. आठवड्याभरात अडखळत का होईना, वाचता यायला लागलं.

व्याकरणही परकं वाटलं नाही, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. गाण्यांत सारखं येणारं 'पोगो शिप्ता' म्हणजे 'तुझी आठवण येते', पण शब्दशः 'पाहावंसं वाटतं'. इंग्रजीतून ते डोक्यात शिरत नव्हतं, मराठीत ठेवून पाहिलं आणि लख्ख कळलं. त्या दिवसापासून ही भाषा माझी झाली.

आता अडचण. आमच्या सोसायटीत एक कोरियन कुटुंब राहायला आलंय. काकू आईच्या वयाच्या. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी आनंदाने विचारलं, 'पाप मॉगॉस्सॉ?' त्या क्षणभर थबकल्या, मग हसून सावकाश म्हणाल्या, 'शिक्सा हास्यॉस्सॉयो?' घरी येऊन शोधलं तेव्हा उलगडा झाला. मी त्यांना 'जेवलीस का?' विचारलं होतं, आणि त्यांनी मला 'जेवलात का?' शिकवलं. त्या रागावल्या नाहीत, पण मला रात्रभर चुटपुट लागून राहिली.

गाणी बहुतेक 'पानमाल'मध्ये असतात, म्हणजे बरोबरीच्यांशी बोलायची भाषा. तेच कानात बसलंय. मोठ्यांसमोर 'मी'सुद्धा बदलतो, 'ना'चा 'जॉ' होतो, हे मला आत्ता कळतंय!

यंदा टॉपिक-१ ही कोरियन भाषेची परीक्षा द्यायची आहे. ऐकण्याचे ३० प्रश्न, वाचनाचे ४०; २०० पैकी ८० गुणांना पहिली पातळी, १४० ला दुसरी. वाचन जमेल. ऐकण्यात दुकानातले, ऑफिसातले संवाद असतात आणि तिथे आदरार्थी रूपं आली की मी मागे पडते. कान कसा तयार करू? आणि काकूंना 'तुम्ही' म्हणायला शब्दकोशातलं 'तांगशिन' चालेल का?

प्रतिसाद १:
'तांगशिन' अजिबात नको. नवरा-बायको एकमेकांना म्हणतात, नाहीतर भांडणात ऐकू येतं. मोठ्यांशी बोलताना 'तुम्ही' गाळूनच टाकायचं, वाक्य अडत नाही. हाक मारायची तर आपल्यासारखंच, 'अमक्याची आई': मुलाचं नाव आणि पुढे 'ऑमॉनिम'.

गाणी सोडू नकोस. बीटीएसच्याच मुलांच्या मुलाखती लाव. सूत्रसंचालकाशी, वयाने मोठ्या कलाकारांशी ती आदरानेच बोलतात. ओळखीचा आवाज असल्याने कान पटकन पकडतो. मी रोज दोनच मिनिटांचा तुकडा घ्यायचे, ऐकून लिहून काढायचे आणि प्रत्येक क्रियापद पानमालमध्ये फिरवून बघायचे. आदर दाखवायला फक्त शेवटी 'यो' लावून भागत नाही, हे लक्षात ठेव. काकूंनी तुझा जेवणाचा शब्द 'पाप'सुद्धा बदलून आदराचा 'शिक्सा' केला, बघ.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार, ताई. मुलाखतींचं डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्रीच सुरू करते. काकूंना एक लहान मुलगी आहे. उद्या खाली खेळायला आली की तिचं नाव विचारते.