पंधराव्या नंबरच्या क्लबमध्ये कोण कशाला येईल?

राखीव गोली

मे २०२५, बिल्बाओ. युरोपा लीगची फायनल: टॉटनहॅम १, मँचेस्टर युनायटेड ०. गंमत बघा, त्या हंगामात इंग्लिश लीगमध्ये टॉटनहॅम सतरावं आणि युनायटेड पंधरावं. युनायटेडचे ३८ सामन्यांत १८ पराभव, गुण ४२. एका गोलाने सतरावा क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत गेला आणि पंधराव्याला युरोपातल्या स्पर्धांचं दारच बंद झालं. तेव्हापासून जो तो विचारतोय, आता इथे येणार कोण?

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. येणारे येतातच. पगार देण्याची ऐपत असली की दारात रांग लागते. पण ज्याच्या हातात दोन-तीन चांगले पर्याय आहेत, नेमका तोच येत नाही. आणि तो नाही म्हणाला की क्लब घाबरून पुढच्याला अवाच्या सवा दाम मोजतो.

२०२२ चा उन्हाळा आठवा. फ्रेंकी डी योंगसाठी युनायटेडने अख्खी विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत) घालवली. रकमेवर दोन्ही क्लबचं जवळपास जुळलंही होतं. बार्सिलोनाकडे त्याचा मोठा पगार थकलेला, म्हणजे निघायला कारणही होतं. गडी जागचा हलला नाही. मग आला १३ ऑगस्ट, ब्रेंटफर्डचं मैदान. दहाव्या मिनिटाला डासिल्व्हाचा साधा सरपटी फटका आमच्या गोलकीपर डे हेयाच्या हाताखालून आत. (मी स्वतः गोलपोस्टमध्ये उभा राहतो, तो क्षण अजून बघवत नाही.) अठराव्या मिनिटाला त्यानेच स्वतःच्या बॉक्सपाशी एरिक्सनला पास दिला. एरिक्सनच्या पाठीवर माणूस होता. चेंडू गेला, दुसरा गोल. तिसाव्याला तिसरा, पस्तिसाव्याला चौथा. हाफटाइमही व्हायचा होता.

आठवड्याच्या आत मिडफिल्डर कासेमिरोला आणलं. वय ३०, करार चार वर्षांचा, सुमारे ६ कोटी पौंड, वर बोनस. मग विंडो मिटायच्या बेताला ॲंतोनी, साडेनऊ कोटी युरो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ती अशी. त्या किमती खेळाडूंच्या नव्हत्या, ब्रेंटफर्डमधल्या स्कोअरबोर्डच्या होत्या.

तेव्हा प्रश्न खेळाडू मिळत नाहीत हा नाही. घसरलेल्या क्लबला खेळाडू निवडता येत नाहीत, खेळाडूच त्याला निवडतात. पटतंय का?

थ्रो इन

अजिबात नाही.

तुम्ही सुरुवात २०२५ पासून केलीत आणि लगेच २०२२ मध्ये पळालात. २०२५ च्याच उन्हाळ्यात थांबा की जरा. स्ट्रायकर बेन्यामिन शेस्कोसाठी न्यूकॅसलही मैदानात होतं. न्यूकॅसल पाचवं आलेलं, चॅम्पियन्स लीग हातात. तरी पोरगा पंधराव्या नंबरच्या क्लबमध्ये गेला. कुन्या आला. एमब्यूमो आला. आणि तुम्ही ज्या ४-० चं वर्णन रंगवून केलंत ना, त्यातला पस्तिसाव्या मिनिटाचा गोल या एमब्यूमोचाच. ज्याने तुमची लाज काढली तोच तीन वर्षांनी तुमची जर्सी घालायला तयार झाला. याला खेळाडू मिळत नाहीत म्हणायचं?

मोठा क्लब पडला तरी मोठाच असतो. भरलेलं स्टेडियम, जगभरचे प्रेक्षक, पगार. खेळाडू गुणांचं टेबल बघतात ही समजूत आपल्यासारख्या टेबल बघणाऱ्यांची.

आणि कासेमिरोला उगाच नावं ठेवू नका. फेब्रुवारी २०२३ च्या लीग कप फायनलमधला पहिला गोल कोणाच्या डोक्याचा होता?

राखीव गोली

कासेमिरोच्या डोक्याबद्दल तक्रार नाही, किमतीबद्दल आहे.

आणि मीही तेच म्हणालो की येणारे येतात. पण लियम डिलॅपचं नाव सोयीस्करपणे गाळलंत. त्याचा क्लब इप्सविच खालच्या श्रेणीत गेल्यावर तीन कोटी पौंडांत तो मोकळा होणार, हे करारातच होतं. पैसे तेवढेच, कोणीही भरावेत. युनायटेड मागे होतंच. गेला कुठे? चेल्सीत, चॅम्पियन्स लीग खेळायला. किंमत सगळ्यांना सारखी असते तेव्हा कळतं कोणाची ओढ किती ते. शेस्कोला साडेसात कोटी युरोंहून जास्त लागले.

आकडेमोड

दोघंही भावनेत आहात, जरा वहीत बघू.

खेळाडूला दिलेली रक्कम क्लब एकाच वर्षात खर्ची टाकत नाही, ती कराराच्या वर्षांवर वाटली जाते. ॲंतोनीचं ढोबळ गणित मांडा: ९.५ कोटी युरो, पाच वर्षं, म्हणजे वर्षाला १.९ कोटी. तीन वर्षांनी वहीत उरले ३.८ कोटी. २०२५ मध्ये रिअल बेटिसला विकला २.२ कोटीला, वर थोडे बोनस. म्हणजे विकूनही दीड कोटीच्या वर खड्डा. त्यात इंग्लिश लीगचा तेव्हाचा नियम असा की तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा नको. एव्हर्टनचे २०२३-२४ मध्ये दोन वेळा मिळून आठ गुण कापले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार.

पण यातला सगळ्यात वाईट भाग खरेदी नाही, पगार. सांचोला २०२१ मध्ये ७.३ कोटी पौंड देऊन आणला. पुढे तो लोनवर (उसना) चेल्सीत गेला. हंगामाअखेर त्याला विकत घेण्याचं चेल्सीवर बंधन होतं, ते मोडायला चेल्सीने पन्नास लाख पौंड दंड भरला. परत वाचा. घ्यायला नाही, न घ्यायला पैसे दिले.

पडत्या काळात क्लब खेळाडूला यश देऊ शकत नाही, म्हणून पगार देतो. तो पगार बाहेर कोणी देत नाही, म्हणून खेळाडू जात नाही. तो जात नाही म्हणून नव्याला जागा नाही. बुडत्याचा पाय खोलात जातो तो या वाटेने. म्हणून मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा, फक्त रोग येण्यात नाही, जाण्यात आहे.

निळी जर्सी

@आकडेमोड, सांचोचा दंड ही आमच्या चेल्सीने केलेली त्या वर्षातली सगळ्यात शहाणी खरेदी होती :)

बाकी धागाकर्त्याच्या सिद्धांताला आमचं एक उदाहरण पुरेसं आहे. २०२२-२३ ला आम्ही बारावे. युरोप नाही, वर्षभरात कोच किती बदलले मोजायचे सोडून दिलेले. लिव्हरपूल पाचवं. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रायटनने कैसेदोसाठी लिव्हरपूलची ११.१ कोटी पौंडांची बोली मान्य केली. सगळं ठरलं. फक्त कैसेदोला विचारायचं राहिलं होतं! तो म्हणाला, मी चेल्सीत जाणार. त्याच आठवड्यात लावियानेही लिव्हरपूल सोडून तेच केलं. आता सांगा, त्याच्या हातात चांगला पर्याय होता की नव्हता? तुमच्या नियमाने तो आमच्याकडे यायलाच नको होता.

शेवटची बस

आला, कारण तुम्ही आठ वर्षांचा करार पुढे केलात. आठ! तेवढ्यात माणूस घराचं कर्ज फेडतो.

आणि पुढचंही सांगा. हात हलवत परतलेल्या लिव्हरपूलने काय केलं? स्टुटगार्टहून तिशीतला वाटारू एंडो आणला, तुमच्या रकमेच्या सहाव्या-सातव्या हिश्शात. सगळे हसले, मीही हसलो. फेब्रुवारी २०२४, लीग कपची फायनल, समोर तुम्हीच. एंडो इकडे, कैसेदो तिकडे. ११८ व्या मिनिटाला व्हॅन डायक, १-०. धावपळ करून एंडोचा जीव मेटाकुटीला आलेला, पण माणूस जागचा हलला नव्हता.

निळी जर्सी

२०२५ ची कॉन्फरन्स लीग आणि क्लब वर्ल्ड कप कैसेदोकडेच आहे, असो.

मैदानी

तुमच्या कोटींच्या गप्पांत एक फुकटातली गोष्ट सांगतो. मी ज्या हौशी संघाचं काम बघतो तिथे कोणालाच पैसे मिळत नाहीत, उलट वर्गणी द्यावी लागते. म्हणजे पगाराचा मुद्दा आपोआप बाद. मग तिथे काय होतं?

सलग सात सामने हरलो तेव्हाची गोष्ट. पहिले कोण गेले? सगळ्यात चांगले दोघं. त्यांना घेणारे होते. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, तसं मग एकेकाचे गुडघे दुखायला लागले. नवीन मुलांना बोलावलं की यायचे. एक मुलगा आठवतो, चांगला उंच, डावखुरा. बूट घालून आला होता. रेषेबाहेर उभा राहून सराव बघत होता. आमची पोरं एकमेकांवर ओरडत होती, गोल कोणामुळे झाला यावर. वीसेक मिनिटांनी बघतो तर तो खाली बसून नाड्या सोडत होता. शांतपणे बूट पिशवीत टाकले, ‘काका, पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणाला. आला नाही.

त्याने आमचा टेबलातला नंबर विचारला नव्हता. त्याने फक्त आवाज ऐकला. म्हणून @थ्रो इन यांचं अर्धं बरोबर आहे, खेळाडू टेबल बघत नाहीत. पण ते काय बघतात ते तुम्ही चुकीचं सांगताय. स्टेडियम वगैरे नाही. आतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघतात. प्रोफेशनल खेळाडूही राष्ट्रीय संघातल्या दोस्ताला पहिला फोन लावून हेच विचारत असणार, कसं आहे रे तिकडे?

थ्रो इन

गोष्ट छान आहे, पण तुमच्या डावखुऱ्याला कोणी आठवड्याला लाखभर पौंड देत नव्हतं. दिले असते तर नाड्या बांधून बसला असता.

मैदानी

बसला असता. खेळला असता का, हा प्रश्न आहे. दि मारियाला विचारा. २०१४ ची चॅम्पियन्स लीग फायनल गाजवून युनायटेडमध्ये आला, ५.९७ कोटी पौंड, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. तेव्हाही युनायटेड सातवं आणि युरोपाबाहेर. वर्षात पॅरिसला निघून गेला.

नव्वद अधिक चार

सगळे मोठ्या पडलेल्या क्लबवर भांडताय. खरोखर तळाला असलेला क्लब बघा. न्यूकॅसल, जानेवारी २०२२. एकोणिसावं, १९ सामन्यांत एक विजय. तिथे ट्रिपिअर आला, आदल्याच हंगामात अटलेटिकोकडून स्पॅनिश लीग जिंकलेला. त्याचा पहिला सामना एफए कपमध्ये, घरच्या मैदानावर, तिसऱ्या श्रेणीतल्या केंब्रिजविरुद्ध. ०-१ हरले. मला तर वाटलं गडी रात्रीच गाडी पकडणार. पण ब्रुनो गिमारेसही आला, आणि हंगामाअखेर संघ अकरावा.

नवे श्रीमंत मालक होते हे मान्य. पण तीन वर्षांनी, तेच मालक, वर चॅम्पियन्स लीग, तेव्हा काय झालं? शेस्को, एमब्यूमो, एकिटिके, जोआओ पेड्रो, सगळे दुसरीकडे. वर त्यांचाच इसाक १२.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. तळाला असताना हो म्हणणारे भेटले, वर गेल्यावर नाही म्हणणारे. लावा आता सिद्धांत.

मला लावता येतो तो असा: तळाच्या क्लबमध्ये गेलेला खेळाडू उद्धारकर्ता ठरतो. पाचव्या क्लबमध्ये गेलेला फक्त अजून एक खेळाडू. ट्रिपिअरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आपण खेळणार आणि आपलं ऐकलं जाणार.

कोपऱ्यातला झेंडा

माहरेझला लेस्टरमधून बोलावणं आलं तेव्हा तो रग्बीचा क्लब असेल असं वाटलं होतं, हे त्यानेच नंतर सांगितलंय. जानेवारी २०१४, पाच लाख पौंडही लागले नाहीत. कान्टे २०१५ मध्ये आला, तेव्हा लेस्टर नुकतंच तळातून कसंबसं वाचलेलं. वर्षभरात लीग जिंकली.

ज्यांना तुमचं नाव माहीत नाही त्यांच्याकडे जा. त्यांना तुमची पडझडही माहीत नसते.

आकडेमोड

+१. पण कान्टे शोधायला माहीतगार स्काउट (खेळाडू हेरणारा) लागतो, आणि त्याचं म्हणणं ऐकून घेणारा मालक. घाबरलेल्या क्लबमध्ये स्काउटला कोणी विचारत नाही, एजंटचा फोन आधी उचलतात.

राखीव गोली

कैसेदोवर मला उत्तर नाही, ते देऊन टाकतो. ट्रिपिअरचं मात्र माझ्याच बाजूने धरा: तो पडझडीत आला नाही, मालक बदलल्यावर आला. पडझड थांबणार याचा कोणी तरी भरवसा दिला म्हणून आला.

शेस्कोबद्दल @थ्रो इन अजून अडून बसलेत, म्हणून एक गोष्ट सांगतो. त्याच विंडोच्या शेवटी युनायटेडला गोलकीपर हवा होता. ॲस्टन व्हिलाच्या एमिलियानो मार्टिनेझचं नाव सगळीकडे गाजत होतं, वर्ल्ड कप जिंकलेला माणूस. २०२२ चं युनायटेड असतं तर डोळे मिटून तोच घेतला असता. घेतला कोण? अँटवर्पचा सेने लामेन्स, वय २३. ऑक्टोबरमध्ये सुंदरलँडविरुद्ध पहिला सामना, २-०, गोल खाल्ला नाही. आणि लांब चेंडू आला की पुढे येऊन दोन्ही हातांनी सरळ पकडायचा, बाकी काही नाटक नाही. प्रेक्षक तर साध्या झेलांवर टाळ्या वाजवत होते. गोलकीपरला साध्या झेलावर टाळ्या मिळतात तेव्हा समजावं आधी काय काय सोसलंय लोकांनी.

थ्रो इन

म्हणजे खेळाडू निवडता येतो तर पंधराव्या नंबरच्या क्लबला! धाग्याचं शीर्षक बदला आता.

राखीव गोली

एका गोलकीपरवर शीर्षक बदलत नाही. स्ट्रायकरचं किती पडलं ते वर लिहिलंय, वाचा.