मदत हवी आहे: ‘कन्फ्यूशियन’ला मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी. कोरियातल्या ‘जेसा’ या पितरांच्या पूजेवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय आणि ‘कन्फ्यूशियन’ (म्हणजे प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसच्या परंपरेतलं) या एका शब्दापाशी दोन दिवस अडकलेय.

‘कन्फ्यूशियसवादी’ लिहिलं की मार्क्सवादीसारखं वाटतं, जणू एखादा पक्षच. ‘कन्फ्यूशियस धर्म’ मला पटत नाही, कारण देव किंवा मोक्ष हा त्याचा गाभा नव्हे. भर आहे तो नात्यांवर आणि रीतीवर: राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, मित्र. शिवाय हे नावच मुळात युरोपीय वळणाचं. इ.स.पू. 551 मध्ये जन्मलेल्या कोंग फूत्झूचं ‘कन्फ्यूशियस’ हे लॅटिन रूप जेसुइट मिशनऱ्यांनी रूढ केलं. चिनी लोक या परंपरेला ‘रू-ज्या’ म्हणतात, म्हणजे विद्वानांचा पंथ. त्यात त्याचं नावही नाही!

लेखात थोरला मुलगा वडिलांच्या नावाने मद्याचा पेला ठेवतो आणि दोनदा जमिनीला डोकं टेकतो. तिथे मूळ लेखक ‘कन्फ्यूशियन कर्तव्य’ म्हणतो. मी ‘कन्फ्यूशियसप्रणीत’ लिहून पाहिलं, पण ते फार जड होतंय, आणि पितरांची पूजा तर त्याच्याही आधीपासूनची.

सरळ ‘कन्फ्यूशियन’च ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्यावा का? आणि ‘श्याव’ला, म्हणजे आईवडिलांविषयीच्या आदर-सेवेला, ‘पितृभक्ती’ म्हटलं तर आई वगळली जाते. ‘मातृपितृभक्ती’ चालेल का? चीनविषयक मराठी लेखन वाचणाऱ्यांनी किंवा अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगा. शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.